गाथा आणि गाथाकार : लेखक-परिचय वाचण्याची रीत

काही वर्षांपूर्वी एका विहारात झालेल्या पुस्तक-प्रकाशनाच्या कार्यक्रमात प्रस्तुत लेखकाला भाष्यकार म्हणून बोलावण्यात आले होते. पुस्तक म्हणजे एका कवीचा पहिलाच संग्रह होता. कवी नगरपालिकेच्या सफाई खात्यात नोकरीला होते आणि मलपृष्ठावरील परिचयात ही गोष्ट ठळकपणे छापलेली होती. माझ्या भाषणाचा निम्म्याहून अधिक वेळ मी त्या एका ओळीवर खर्च केला. झाडू धरणाऱ्या हाताने लेखणी कशी धरली, हे मी रंगवून सांगितले. टाळ्या पडल्या. नंतर चहा घेताना कवी शांतपणे म्हणाले, "सर, माझी नोकरी तुम्ही नीट वाचलीत. कविता वाचाल तेव्हा कळवा."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एम.ए.च्या वर्गात मी थेरगाथा शिकवतो. ज्या ग्रंथाने या प्रश्नाचा विचार पूर्वीच करून ठेवला आहे, त्या ग्रंथाचा अध्यापक असूनही मी ही चूक केली होती. या लेखात मांडावयाचे आहे ते एवढेच : लेखकाचे कूळ, त्याची उपजीविका, त्याचे शिक्षण यांचा त्याच्या लेखनाशी नेमका संबंध कोणता, आणि समीक्षकाने तो कोठवर वाचावा.

थेरगाथेत २६४ थेरांच्या आणि थेरीगाथेत ७३ थेरींच्या रचना संगृहीत आहेत. त्यांच्या मांडणीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. एक गाथा असलेल्यांचा एकक निपात, दोन असलेल्यांचा दुक निपात, तीन असलेल्यांचा तिक निपात, असा हा क्रम आहे. कोण कोणत्या कुळातून आले, संघात कोणाचे स्थान कोणते, यावर तो बेतलेला नाही. थेरीगाथेच्या पंचक निपातात शाक्य राजकुळातील सुंदरीनंदा आहे, पूर्वी गणिका असलेली विमला आहे आणि भीक मागून जगणारी विधवा चंदाही आहे. तिघींनी पाच-पाच गाथा रचल्या, म्हणून त्या एकत्र बसल्या आहेत. संग्राहकांनी मोजल्या त्या गाथा.

मग यांच्यापैकी कोण कोठून आले, हे आपल्याला कसे कळते? बहुतेकांच्या बाबतीत ते आचार्य धम्मपालांच्या 'परमत्थदीपनी' या अट्ठकथेतून कळते. गाव, कूळ, व्यवसाय, प्रव्रज्येचा प्रसंग, इतकेच काय, पूर्वजन्मीच्या कथाही अट्ठकथा पुरवते. आजच्या भाषेत बोलायचे तर गाथा म्हणजे पुस्तक आणि अट्ठकथा म्हणजे मलपृष्ठावरचा परिचय होय. अट्ठकथेचे मोल मोठे आहे. परंतु तिचे स्थान गाथेनंतरचे आहे. पाली अभ्यासक दोहोंना आपापल्या जागी ठेवतो. मराठी पुस्तकाचे परीक्षण लिहावयास बसल्यावर मात्र आपण हा क्रम नेमका उलटा करतो.

येथे कोणी असे म्हणेल की, 'तर मग परिचय वाचूच नये.' तसे म्हणता येणार नाही. कारण काही वेळा उपजीविका ही परिचयातून उठून थेट रचनेत येऊन बसते. सुमंगल थेर शेतकरी होते. विळा, नांगर आणि कुदळ या तीन वाकड्या गोष्टींपासून आपण सुटलो, हाच त्यांच्या गाथेचा विषय आहे. व्यवसाय बाजूला काढला तर गाथाच उरत नाही. पुण्णा ही पाणी भरणारी दासी होती. मालकिणीच्या माराच्या भीतीने कडाक्याच्या थंडीत पाण्यात उतरणे हे तिचे रोजचे काम. नदीवर स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती जे विचारते, त्याला शास्त्रार्थाच्या शिक्षणाची गरज पडलेली नाही. पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गाला गेली पाहिजेत, हा तिचा युक्तिवाद आहे. पाणी म्हणजे काय, हे तिच्या हातापायांना ठाऊक होते. त्या ठाऊक असण्यातूनच तिने तर्क उभा केला. तिचे दुःख ऐकून आपण हळहळतो आणि तिची बुद्धी मात्र पाहावयाची विसरतो.

तिसरे उदाहरण तालपुट थेरांचे. ते नटांच्या मेळ्याचे प्रमुख होते. त्यांच्या दीर्घ गाथांत ते रंगभूमीच्या आठवणी सांगत बसत नाहीत. ते स्वतःच्या चित्ताला समोर उभे करतात आणि त्याच्याशी बोलतात. त्याला दटावतात, त्याला जुन्या वचनांची आठवण देतात. नटाचा व्यवसाय येथे आशयात दिसत नाही, तो बोलण्याच्या घाटात उतरला आहे. म्हणजे उपजीविका रचनेत येते ती कधी विषय होऊन, कधी युक्तिवाद होऊन, तर कधी रूप होऊन. समीक्षकाचे काम ती कोठे आणि कशी आली हे दाखविण्याचे आहे. ती जेथे आलेलीच नाही, तेथे ती केवळ माहिती होय.

हा निकष हाती घेऊन आपल्या मराठी लेखकांकडे पाहू.

अण्णा भाऊ साठे यांच्याविषयी लिहिताना 'दीड दिवसाची शाळा' या शब्दांवाचून आपले पान पुढे सरकत नाही. वाटेगावचा हा मुलगा मुंबईत आला, गिरणीत राबला, १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभा राहिला, हे सारे खरे आहे. परंतु तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाला आपण शाळेच्या दीड दिवसावर तोलतो, तेव्हा आपल्या कौतुकात एक छुपा अपमान असतो. न शिकलेला माणूस इतके लिहितो याचे आश्चर्य वाटणे, म्हणजे त्याच्याकडून ते अपेक्षितच नव्हते असे कबूल करणे होय. 'फकिरा' (१९५९) वाचताना विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. पोवाडा आणि तमाशा यांत घडलेल्या या कलावंताने कादंबरीतील प्रसंग कसे बांधले, कथनाची गती कोठून आणली? हा प्रश्न विचारला की कलापथकाचा अनुभव मलपृष्ठावरून उठतो आणि पानांमध्ये येतो.

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये तर लेखक-परिचय हाच रचनेचा गाभा झाला आहे. मुंबईत नोकरी करणारा, लेखक म्हणून नावारूपाला आलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार, हे दोघे येथे समोरासमोर येतात. दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे हे दोन परिचय एकमेकांना सामावून घेऊ शकत नाहीत, ही या पुस्तकाची खरी वेदना आहे. तिच्याविषयी लिहिण्याऐवजी 'दाहक अनुभव', 'जळजळीत वास्तव' या ठरीव शब्दांनी आपण परीक्षणे भरली. अनुभव दाहक होता हे सांगण्यास समीक्षक लागत नाही. त्या अनुभवाला दोन आवाज का लागले, हे सांगण्यास मात्र तो लागतो.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली आणि मध्यमवर्गीय वाचकाला एका अपरिचित जगाचा रस्ता दाखविला. त्या प्रस्तावनेचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु त्यानंतर टॅक्सी चालविणारा कवी ही ओळख इतकी घट्ट झाली की, वस्तीची बोली, शिवी, तत्सम शब्द आणि वर्तमानपत्री गद्य यांना एका ओळीत नांदावयास लावणारा भाषेचा कारागीर त्या टॅक्सीच्या मागे दडून गेला. ज्या शहराचे रस्ते त्यांनी चाकांखाली घातले, त्या शहराची भाषा त्यांनी कशी मोडली आणि पुन्हा कशी जोडली, हे पाहणे हीच त्यांची खरी ओळख होय.

स्त्रियांच्या लेखनाकडे वळलो म्हणजे हा प्रश्न अधिकच सूक्ष्म होतो. बेबी कांबळे यांचे फलटणला लहानसे दुकान होते. सामान बांधून देण्यासाठी आलेली रद्दीची वर्तमानपत्रे त्या वाचीत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकाच्या परिचयात ही हकीकत आली की वाचकाचे मन हेलावते. पण पुस्तकाच्या नावातील 'आमुचं' हा शब्द पाहा. आत्मचरित्र म्हणून हाती घेतलेल्या या पुस्तकात 'मी'पेक्षा 'आम्ही' मोठा आहे. स्वतःच्या संसारातील मारहाण त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितली. पुस्तकात ती घातली नाही. ही निवड आहे. काय सांगावयाचे आणि काय राखून ठेवावयाचे हे ठरविणारी लेखिका तेथे जागी आहे. तिला केवळ सोसणारी बाई समजणे हा तिच्या लेखकपणाचा अधिक्षेप आहे.

ऊर्मिला पवार यांनी 'आयदान' (२००३) या नावातच आपल्या आईचा व्यवसाय ठेवला. रत्नागिरीकडे बांबूच्या टोपल्या-सुपांना आयदान म्हणतात. आई ती विणीत असे. लेखिका स्वतः मुंबईत सरकारी नोकरीत होत्या. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते त्यांनी स्वतःच जोडून दाखविले आहे. येथे मला थेरीगाथेतील सुमंगलमाता आठवते. अट्ठकथेनुसार तिचा नवरा नळकार, म्हणजे वेत-बोरूचे काम करणारा होता. मुसळ आणि नवऱ्याच्या छत्र्या यांतून सुटल्याचा उद्गार तिने काढला आहे. सुमंगलमाता त्या कामातून सुटते आणि गाते. ऊर्मिलाताई आईच्या कामाकडे परत येतात आणि लिहितात. दोन्ही वाटा मुक्तीच्याच आहेत, पण त्यांची दिशा वेगळी आहे. केवळ 'बुरुडकामाची पार्श्वभूमी' असे दोहोंच्या परिचयात लिहून हा भेद हाती लागणार नाही.

कुमुद पावडे यांचा 'अंतःस्फोट' (१९८१) माझ्यासारख्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळ्या कारणाने अस्वस्थ करतो. त्या संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या. ज्या भाषेची दारे पिढ्यान्‌पिढ्या बंद होती, ती भाषा त्यांनी शिकून शिकविली, म्हणून लोक कौतुक करीत. त्या कौतुकाचेच त्यांनी शवविच्छेदन केले आहे. कुमुद सोमकुंवर या नावाने जी नोकरी मिळत नव्हती, ती आंतरजातीय विवाहानंतर कुमुद पावडे या नावाने मिळाली, हे त्यांनी लिहून ठेवले. पदवी तीच, विद्वत्ता तीच. बदलले ते परिचयातले आडनाव.

आपल्या देशात 'आपला परिचय?' हा प्रश्न किती निरागस असतो, हे यावरून दिसावे. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा सारा ताण याच प्रश्नावर आहे. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण आपली ओळख लपवून खोली मिळवितो आणि ती उघड होताच मार खातो. हिंदी लेखक ओमप्रकाश वाल्मीकि यांनी 'जूठन' (१९९७) मध्ये अंबरनाथच्या दिवसांविषयी लिहिले आहे. आयुध निर्माणीत प्रशिक्षण घेत असताना त्यांच्या आडनावावरून एका मराठी कुटुंबाने त्यांना ब्राह्मण समजले, आणि खरे कळताच स्नेह संपला. ज्यांच्यासाठी परिचय हा असा धोक्याचा प्रदेश राहिला, त्यांच्या परिचयाला आपण प्रमाणपत्राप्रमाणे कसे वापरतो, याचा विचार व्हावयास हवा.

सुत्तनिपातात सुंदरिक भारद्वाज तथागतांना त्यांची जात विचारतो. जन्म विचारू नकोस, आचरण विचार, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. वासेट्ठ सुत्तात हाच विचार अधिक विस्ताराने येतो. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी; माणूस जे करतो त्यावरून त्याचे नाव पडते, जन्मावरून नव्हे. हाच न्याय वाङ्मयाला लावला तर लेखक लेखनकर्माने लेखक ठरतो. त्याच्या गरिबीने तो मोठा होत नाही आणि त्याच्या पगाराने लहानही होत नाही.

हे उत्तरार्धातील म्हणणे मी मुद्दाम मांडतो आहे, कारण येथे दोष आपल्याच अंगणात आहे. प्रस्थापित समीक्षेने आपल्या लेखकांच्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडले, अशी आपली तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण आपल्या सभांतून काय ऐकू येते? प्राध्यापक झालेल्या कवीला, अधिकारी झालेल्या कथाकाराला 'आता तुमची नाळ तुटली' असे सुनावले जाते. आणि त्याच सभेत पुढच्या वक्त्याचा परिचय पदव्या आणि पदे यांच्या लांबलचक यादीने करून दिला जातो. पहिल्याला त्याची खुर्ची नडते, दुसऱ्याला ती तारते. पुस्तक दोघांचेही न वाचलेलेच राहते.

वस्तुतः व्यवसाय बदलणे हे बाबासाहेबांच्या चळवळीचे एक फळ आहे. शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ' (१९८१) या नावातच तो प्रवास नोंदविला. तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. शरणकुमार लिंबाळे टेलिफोन ऑपरेटर होते. 'अक्करमाशी' (१९८४) लिहिणाऱ्या या लेखकाला 'सनातन' या कादंबरीसाठी २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. डॉ. किशोर शांताबाई काळे वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाले आणि 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहून गेले. या साऱ्यांचे व्यवसाय निराळे, जातीही निराळ्या. पण त्यांच्या काळामागे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६), औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय (१९५०) यांसारख्या संस्थांनी उघडलेली वाट आहे. नोकरदारांना शिकता यावे म्हणून सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग चालत. ज्या समाजाने लेखक व्हावयाच्या आधी नोकरी सांभाळून शिकावयाचे ठरविले, त्याच्या लेखकांच्या परिचयात नोकरी येणारच. तिची लाज नको, तसा तिचा डंकाही नको.

शिवाय हा प्रवास नेहमी खालून वरच जातो, असेही नाही. 'फेसाटी' (२०१७) या कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळालेले नवनाथ गोरे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होते. २०२० च्या टाळेबंदीत ते काम गेले आणि त्यांना शेतमजुरी करावी लागली. मद्रासच्या आयआयटीत संशोधन केलेल्या, जन्माने आंध्रच्या दलित ख्रिस्ती कुटुंबातल्या सुजाता गिडला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर म्हणून काम करीत असताना त्यांचे 'अँट्स अमंग एलिफंट्स' (२०१७) हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बंगालीतील मनोरंजन ब्यापारी यांनी रिक्षा ओढली, एका शाळेत स्वयंपाकी म्हणून काम केले, आणि २०२१ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले. अशा जीवनांना एका ओळीच्या परिचयात कसे बसवावयाचे? त्यांपैकी कोणत्या दिवसाचा व्यवसाय 'खरा' धरावयाचा? परिचय हा एका क्षणाचा असतो. तो छापून होतो तोवर माणूस पुढे गेलेला असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पददलितांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र प्रकरण दिले. न्हावी उपाली, झाडूवाला सुनीत, अस्पृश्य सोपाक आणि सुप्पिय, शेतकरी सुमंगल ही नावे तेथे एका मालिकेत येतात. व्यवसायाचा उल्लेख बाबासाहेबांनी टाळलेला नाही. संघाचे दार कोणासाठी उघडे होते हे सिद्ध करावयाचे असेल, तर तो उल्लेख आवश्यकच आहे. समाजाच्या इतिहासाला व्यवसायाची नोंद लागते. परंतु सुनीत थेरांच्या स्वतःच्या गाथांकडे गेलो तर काय दिसते? नीच कूळ, दारिद्र्य, वाळलेली फुले झाडण्याचे काम हे ते आरंभीच सांगून टाकतात. तेथून गाथा पुढे चालू लागते आणि संयम व दम यांनीच माणूस श्रेष्ठ ठरतो, या तथागतांच्या निर्वाळ्यापाशी पोचते. सुनीतांनी आपला परिचय लपविला नाही आणि तेथे ते थांबलेही नाहीत. वाचकाने त्यांच्याबरोबर शेवटच्या गाथेपर्यंत चालावे, एवढीच त्यांची अपेक्षा असणार.

त्या रात्री घरी आल्यावर मी तो कवितासंग्रह पुन्हा उघडला आणि मलपृष्ठावर कागद चिकटवून वाचला. संग्रहात ४२ कविता होत्या. त्यांपैकी सफाईच्या कामाविषयीच्या कविता अवघ्या तीन. उरलेल्या कवितांत पाऊस होता, मुलीचा ताप होता, कॉलनीतील बंद पडलेले वाचनालय होते. काही कविता सैल होत्या. दोन ठिकाणी घोषणेने कवितेचा घास घेतला होता. एक दीर्घ कविता मात्र अशी होती की, तिच्यातील पहाटेच्या रस्त्याचे वर्णन मी अजून विसरलेलो नाही. पहाटेचा रस्ता इतक्या बारकाईने कोणाला दिसतो, हा प्रश्न तेव्हा पडला. आणि मग मी कागद काढून मलपृष्ठ वाचले. या वेळी नोकरीचा अर्थ मला कळला, कारण कवितेने तो मागितला होता.

दुसऱ्या दिवशी मी कवींना पत्र लिहिले. गुण लिहिले, तसे दोषही लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. दोषांपैकी एक त्यांनी मान्य केला होता, दुसऱ्यावर वाद घातला होता आणि शेवटी दीर्घ कवितेचा सुधारलेला खर्डा जोडला होता. पत्राखाली सही होती, हुद्दा नव्हता.